मंचावर कोण उभे राहते

समाजाच्या कडेला ढकलल्या गेलेल्या माणसांविषयी इतरांच्या मनात आपलेपणा निर्माण व्हावा आणि त्यांना पंगतीत, शाळेत, पाणवठ्यावर व गावच्या कारभारात बरोबरीची जागा मिळावी, यासाठी कलेचा उपयोग करून घेण्याची कल्पना आज सामाजिक कार्याच्या क्षेत्रात चांगलीच रूढ झाली आहे. अशा कलेला या प्रकरणात समूहकला म्हटले आहे. एखाद्या वस्तीच्या, जमातीच्या किंवा गटाच्या नावावर जी उभी राहते, जिच्यात सादर करणारे आणि पाहणारे एकाच परिसरातले असतात आणि जिचा विषय त्यांचे रोजचे जगणे असते, ती समूहकला होय. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे तर ही कल्पना बाहेरून आणण्याची गरजच पडलेली नाही. हलगी, पोतराज, वाघ्या-मुरळी, गोंधळ, कीर्तन, तमाशा, जलसा आणि जात्यावरची ओवी या सगळ्या समूहकलाच आहेत. मात्र याच प्रदेशाचा इतिहास असेही दाखवतो की, समूहकला आपोआप माणसे जोडत नाही. ती शतकानुशतके माणसांना त्यांच्या ठरलेल्या जागी बसवण्याचेही काम करत आली, आणि तिचे हे दुसरे काम समजून घेतल्याशिवाय पहिल्याची चर्चा पोकळ ठरते.

हलगीचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. शेळीचे कातडे कड्यावर ताणून बसवलेले हे चर्मवाद्य वाजवण्यापूर्वी विस्तवावर शेकले जाते, कारण उष्णतेने कातडे आवळते आणि स्वर चढतो. एका हातात आखूड टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक, लवचिक काडी घेऊन उभ्यानेच ते वाजवले जाते. लग्नाची वरात, देवाची पालखी, पोळ्याची मिरवणूक, कुस्तीचा फड, दवंडी आणि अंत्ययात्रा यांपैकी हलगीवाचून पार पडणारा प्रसंग मराठवाड्याच्या गावात पूर्वी क्वचितच असे. परंतु हलगी वाजवणारा मातंग कलावंत वरातीच्या पुढे चालत असला तरी पंगतीत त्याची जागा शेवटी आणि वेगळी असे. बलुतेदारीच्या व्यवस्थेत, म्हणजे प्रत्येक जातीने ठरलेले काम करायचे आणि सुगीला ठरलेले धान्य घ्यायचे या पद्धतीत, केकताडाचे दोर वळणे, झाडू बांधणे आणि वाजंत्री वाजवणे ही कामे मातंगांकडे होती, आणि त्यांतले वाजंत्रीचे काम कला म्हणून नव्हे, जातीचे कर्तव्य म्हणून मोजले जाई. गाव त्या तालावर शतकानुशतके नाचत आले, पण वाजवणाऱ्याचे घर गावकुसाबाहेरच राहिले. कलेचा आनंद घेणे आणि कलावंताला माणूस म्हणून जवळ करणे या दोन गोष्टींत केवढे अंतर असू शकते, याचा याहून ठळक पुरावा शोधावा लागत नाही.

पोतराज आणि मुरळी यांची कथा अधिक वेदनादायी आहे. मरीआईच्या सेवेला वाहिलेला पोतराज केस वाढवून, खणांच्या तुकड्यांचा घागरा नेसून, पायांत घुंगरू बांधून दारोदार फिरतो आणि स्वतःच्या उघड्या अंगावर आसूड ओढून घेतो. पाहणारे घाबरतात, नमस्कार करतात, सुपातले धान्य त्याच्या झोळीत टाकतात आणि दार लावून घेतात. खंडोबाला वाहिलेल्या पुरुषाला वाघ्या आणि मुलीला मुरळी म्हणत, आणि नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्ष वद्यात भरणारी खंडोबाची यात्रा ही वाघ्या-मुरळीच्या गाण्यांची, तमाशाच्या फडांची, लावणीची, घोड्या-गाढवांच्या बाजाराची आणि भटक्या-विमुक्त जमातींच्या भेटीगाठींची मोठी जागा आहे. देवाला मुली वाहण्याच्या प्रथेला मुंबई इलाख्यात १९३४ च्या कायद्याने बंदी आली, पुढे महाराष्ट्रानेही नवा कायदा केला. कलेचा ठेवा म्हणून या परंपरांचे कौतुक करताना ती कला कोणाच्या शरीरावर आणि कोणाच्या आयुष्यावर उभी होती, हा प्रश्न मागे राहू नये.

यामुळेच, ज्यांना समूहकलेचे वारसदार म्हणून गौरवावे असे बाहेरच्या अभ्यासकांना वाटते, त्यांच्यापैकी अनेकांनी ती कला जाणीवपूर्वक सोडून दिली. १९२७ च्या महाड परिषदेपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने गावकीची अपमानकारक कामे टाकून देण्याचे आवाहन केले. महार समाजाने मृत जनावरे ओढण्याबरोबर वाजवण्याची, दवंडीची आणि येसकरीची, म्हणजे वेशीच्या राखणीची, कामेही सोडली, तेव्हा अनेक गावांनी त्याचा राग बहिष्काराने काढला. पोतराजाचे केस कापून त्याला त्या वेशातून बाहेर काढण्याचे कार्यक्रम मातंग समाजातील सुधारकांनी घेतले, तेही याच जाणिवेतून. वाद्य टाकून देणे हीसुद्धा एक सांस्कृतिक कृती असते, आणि पुष्कळदा ती वाद्य वाजवण्यापेक्षा अधिक धैर्याची असते. लोककला जतन करण्याच्या योजना आखणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवला नाही, तर जतनाच्या नावाखाली जुनेच कर्तव्य नव्या मानधनासह परत लादले जाण्याचा धोका राहतो.

दुसरा धडा भक्तिपरंपरेतून मिळतो. मराठवाड्यात कीर्तनाची परंपरा खोल रुजलेली आहे. चौदाव्या शतकातील संत चोखामेळ्याचे आख्यान लागले की, कीर्तनकाराच्या शब्दांनी श्रोत्यांचे डोळे भरून येतात आणि ते अश्रू खोटे नसतात. तरीही चोखोबांची समाधी पंढरपूरच्या मंदिराच्या महाद्वारासमोर, पायरीपाशीच राहिली, आणि त्यांच्या वंशजांसाठी ते मंदिर खुले व्हायला १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. सहाशे वर्षे चोखोबांसाठी रडलेला समाज चोखोबांच्या माणसांना दारात थांबवत होता. दुःखी माणसाविषयी वाटणारी कणव आणि त्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याचा हक्क मान्य करण्याची वृत्ती, जिला येथे सहभाव म्हणता येईल, या दोहोंमधला भेद या एका उदाहरणातून स्वच्छ दिसतो. कणवेला पाहणाऱ्याची जागा बदलावी लागत नाही, सहभावाला ती बदलावी लागते. समूहकलेचे मोजमाप करायचे तर डोळ्यांतल्या पाण्याऐवजी विहिरीवरच्या पाण्याकडे पाहावे लागेल, कारण भावनेचा पुरावा व्यवहारातच सापडतो.

जुन्या कलाप्रकाराला वळण देऊन त्याचा अर्थ पालटण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत यशस्वी प्रयोग म्हणजे जलसा. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतून सत्यशोधक जलसे निघाले आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात त्यांच्या मागोमाग आंबेडकरी जलसे उभे राहिले, ज्यांमध्ये नाशिककडील भीमराव कर्डक यांच्या पथकाचे नाव अग्रभागी आहे. जलशाने आपला सांगाडा तमाशातून घेतला. तमाशाचा क्रम ठरलेला असतो: आधी गणपतीला वंदन करणारा गण, मग कृष्ण, पेंद्या, मावशी आणि गवळणींची गवळण, त्यानंतर हजरजबाबी विनोदाची बतावणी आणि अखेरीस वग, म्हणजे मुख्य कथानक. प्रेक्षक या क्रमाला सरावलेला होता, त्यामुळे त्याला काही वेगळे शिकवावे लागत नव्हते. जलसाकारांनी गणाच्या जागी समाजाच्या मुक्तिदात्यांना वंदन आणले, गवळणीतला शृंगार काढून टाकला, आणि वगात मंदिरप्रवेश, सावकारी, दारू, अंधश्रद्धा व मुलांचे शिक्षण हे विषय घातले. ज्या समाजातील कलावंतांना, विशेषतः स्त्रियांना, तमाशाने करमणुकीची वस्तू केले होते, त्याच समाजाने तमाशाची चौकट वापरून स्वतःची प्रतिष्ठा मांडावी, यातील कलात्मक धाडसाची दाद अजून पुरेशी घेतली गेलेली नाही.

जलशाच्या परिणामाचे रहस्य बतावणीत होते. तिच्यात एक पात्र जुन्या विचारांचे असे. मुलाला शाळेत कशाला घालायचे, देवीचा कोप झाला तर काय करायचे, पाटलाला दुखवून गावात राहायचे कसे, असे प्रश्न ते विचारी, आणि दुसरे पात्र त्याला हसतखेळत उत्तर देई. हे प्रश्न विरोधकांचे नव्हते, समोर बसलेल्या श्रोत्यांच्याच मनातले होते, म्हणून त्यांना उपदेश ऐकल्यासारखे न वाटता आपली शंका कोणीतरी चारचौघांत मांडली असे वाटे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांनी ‘शोषितांची रंगभूमी’ या नावाने जी पद्धत विकसित केली, तिच्यात अन्यायाचा प्रसंग अर्ध्यावर थांबवून प्रेक्षकालाच मंचावर बोलावले जाते आणि पुढे काय करता आले असते ते करून दाखवायला सांगितले जाते. बंगालमधील जन संस्कृती या संस्थेने ती पद्धत खेड्यापाड्यांत नेली. जलशात प्रेक्षक मंचावर येत नसला तरी त्याची शंका मंचावर येत होती. त्यामुळे या दोन परंपरांमध्ये जवळचे नाते आहे, आणि मराठी जलसा बोआल यांच्या प्रयोगांहून कितीतरी जुना आहे.

जलशाचा जन्म ब्रिटिश मुलखात झाला. नांदेड, उदगीर, लातूर हा भाग त्या वेळी हैदराबादच्या निझामाच्या राज्यात होता, जेथे सार्वजनिक सभांवर कडक निर्बंध होते आणि आधी परवानगी घेतल्याशिवाय लोकांना एकत्र जमवणे अवघड होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर आणि १९५६ मध्ये आंबेडकरांसह त्यांच्या अनुयायांनी बौद्ध धर्म स्वीकारल्यानंतर येथील वस्त्यांत गायन पार्ट्यांची परंपरा वेगाने बहरली. गायन पार्टी म्हणजे एक मुख्य गायक किंवा गायिका, हार्मोनियम, ढोलकी किंवा तबला आणि मागे साथ करणारे कोरस असा संच. दोन पार्ट्या समोरासमोर बसवून रात्रभर सवाल-जवाबाचा सामना रंगवला जाई. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती मराठवाड्यात एका दिवसात संपत नाही. गावोगावी तारखा वाटून घेऊन ती उन्हाळाभर साजरी होते, कारण गायक मोजके आणि आमंत्रणे पुष्कळ. सिन्नरजवळच्या देशवंडी गावात १९२२ साली जन्मलेले लोककवी वामनदादा कर्डक यांनी आपल्या गाण्यांसह मराठवाड्याची गावे पिंजून काढली आणि त्यांच्यामागे स्थानिक गायकांच्या पिढ्या तयार झाल्या.

स्त्रियांची कला याहून शांत, पण तितकीच खोल होती. हेमा राईरकर आणि गी पॉयतेव्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्यांचाही समावेश आहे. भाऊ, माहेर, विठ्ठल आणि पाऊस यांच्याविषयी ज्या चालीत गायले जाई, त्याच चालीत या स्त्रियांनी भीमराव आंबेडकर, बुद्ध आणि लेकराची शाळा यांविषयी गायिले. दळण सर्व जातींच्या घरी होते आणि चाल सर्वांची एक होती, एवढ्यावरून समाज एक होता असे म्हणता येत नाही; पण एकाच चालीत दुसऱ्या घरचे दुःख ऐकू येण्याची शक्यता मात्र तिच्यात होती, आणि ही शक्यता वापरात आणण्याचे काम अजून झालेले नाही.

एवढी गाणी गायली जात असताना मराठवाड्याने १९७८ पाहिले, हे या विषयावर लिहिणाऱ्याने टाळू नये. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने संमत केला आणि त्यानंतर काही दिवसांतच मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, कुटुंबे गाव सोडून पळाली. नांदेड जिल्ह्याला याची झळ तीव्रतेने बसली; टेंभुर्णी गावचे पोचिराम कांबळे यांची हत्या त्या काळाची सर्वांत भीषण घटना मानली जाते. ज्या गावांत भीमगीते वर्षानुवर्षे ध्वनिक्षेपकावरून ऐकू येत होती, त्याच गावांत हे घडले. याचे एक कारण असे की, ती गाणी गावाच्या कानावर पडत होती, पण गाव त्या गाण्यांसमोर येऊन बसत नव्हते. जयंतीचा मांडव वस्तीत होता आणि वेशीच्या आतला माणूस त्या मांडवात क्वचितच पाऊल टाकत होता. ऐकू येणे आणि ऐकणे या वेगळ्या क्रिया आहेत. गाण्यांनी वस्तीला स्वाभिमान, इतिहास आणि एकजूट दिली, आणि हे काम लहान नव्हते. परंतु शेजाऱ्याचे मन बदलण्याचे काम त्यांच्यावर सोपवून बाकीच्यांनी स्वस्थ बसावे, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

ठराव होऊनही नाव लगेच बदलले नाही, आणि नामांतराच्या लढ्याची पुढची सोळा वर्षे गाण्यांनीच जागती ठेवली. मोर्चे, सत्याग्रह, तुरुंगवास आणि शहीद झालेल्यांची नावे शाहिरांनी पोवाड्यांत ओवली. पोचिराम कांबळे हे मातंग समाजातील होते, आणि त्यांचे नाव बौद्ध वस्त्यांतल्या गाण्यांत आदराने येत राहिले, त्यामुळे शेजारी राहूनही परस्परांपासून दूर असलेल्या दोन समाजांना जवळ आणणारा एक धागा तयार झाला. नांदेडच्या गौतम वाघमारे या तरुणाने १९९३ मध्ये नामांतरासाठी आत्मदहन केले. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, ज्याच्या कक्षेत नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे येतात. आजही १४ जानेवारीला औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी गायक आणि पुस्तकांचे विक्रेते दाटीने जमतात.

वस्तीच्या मांडवात न येणारा प्रेक्षक जेथे बसतो, तेथे हा विषय नेण्याचे काम नांदेडमध्ये नाटकाने केले, आणि त्याचे मोठे श्रेय दत्ता भगत यांच्याकडे जाते. नांदेड जिल्ह्यात १९४५ साली जन्मलेल्या आणि नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठीचे अध्यापन केलेल्या भगतांनी ‘आवर्त’ या एकांकिकेत लोकनाट्याचा बाज वापरला, तर १९८० च्या दशकातील ‘वाटा-पळवाटा’ हे नाटक एका शिकलेल्या कुटुंबाच्या दिवाणखान्यात आणून ठेवले. त्यात आंबेडकरांच्या काळात घडलेला म्हातारा काका आहे, ब्राह्मण मुलीशी लग्न केलेला दलित प्राध्यापक सतीश आहे, त्याची पत्नी हेमा आहे आणि संतापलेला तरुण कार्यकर्ता अर्जुन आहे. अन्याय करणारा एक खलनायक उभा करून प्रेक्षकाला त्याच्यावर राग काढायची सोय या नाटकात नाही; दलित समाजातील तीन पिढ्या आपापसांत वाद घालतात आणि प्रत्येकाचे म्हणणे थोडे खरे वाटते. समूहकलेच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. उपेक्षित माणसांना मंचावर केवळ पीडित म्हणून आणले की, प्रेक्षक त्यांची दया करून मोकळा होतो. त्यांच्यात मतभेद आहेत, स्वार्थ आहेत, विनोद आहे, चुका आहेत आणि विचार आहे असे दिसले की, त्याला त्यांच्याशी माणूस म्हणून व्यवहार करावा लागतो. राज्य नाट्यस्पर्धेच्या आणि महाविद्यालयीन युवक महोत्सवांच्या मंचावर मराठवाड्यातील विद्यार्थी अशी नाटके करू लागले, तेव्हा पाटलाच्या मुलाने वस्तीतल्या म्हाताऱ्याची भूमिका करण्याची आणि ती भूमिका पाहायला दोघांच्याही आईवडिलांनी एकाच सभागृहात बसण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली. तालमीच्या महिन्याभरात एकत्र जेवणे, एकमेकांच्या घरी जाणे आणि एकमेकांची बोली आत्मसात करणे हे जे घडते, ते पुष्कळदा प्रयोगाच्या दोन तासांहून अधिक टिकते.

लातूरने या विचाराला जगाची खिडकी उघडून दिली. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्य व संस्कृतीवर १९७० च्या दशकात मराठीत ग्रंथ लिहिला. गुलामांच्या शेतमजुरीच्या गाण्यांतून आणि चर्चमधल्या भजनांतून पुढे ब्लूज आणि जॅझ हे संगीतप्रकार कसे घडले, ज्या समाजाने कृष्णवर्णीयांना वेगळे बसवले त्यानेच त्यांच्या संगीतावर कसे प्रेम केले, हे वाचणाऱ्या मराठवाड्यातील तरुणाला हलगीची आठवण होणे अपरिहार्य होते.

लातूर तालुक्यातील धनेगाव येथे १९५२ साली जन्मलेले लक्ष्मण गायकवाड यांच्या, आपल्या उचल्या जमातीचे जगणे सांगणाऱ्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने अशा अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या गेल्या, तरी पोलिसांच्या आणि गावाच्या नजरेतला संशय गेला नाही. पुस्तकाने तो संशय वाचकांपुढे उघडा केला, पण कथा तेथे थांबत नाही. १९९८ मध्ये बंगाली लेखिका महाश्वेता देवी, भाषाभ्यासक गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभारली. त्याच वर्षी फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला होता आणि त्या प्रकरणी कोलकाता उच्च न्यायालयात दाद मागितली गेली होती. अहमदाबादच्या छारानगर वस्तीत, जी स्वतः अशाच शिक्का मारलेल्या छारा जमातीची आहे, तरुणांनी त्या घटनेवर नाटक बसवले आणि त्यातून बुधन थिएटर जन्माला आले. वस्तीतल्या चौकात सुरू झालेले हे नाटक पुढे पोलीस अधिकाऱ्यांपुढेही सादर झाले. ज्याच्या हातात लाठी आहे त्याच्यासमोर, ज्याच्या पाठीवर लाठी पडते त्याने स्वतः उभे राहून तो प्रसंग करून दाखवणे, यात जे घडते ते कोणत्याही प्रशिक्षणाच्या पुस्तकातून घडणार नाही. लातूर-नांदेडच्या पालांवर राहणाऱ्या जमातींमध्ये डोंबारी, नंदीवाले, बहुरूपी असे जन्मजात कलावंत आहेत. त्यांच्या अंगी असलेली ही विद्या त्यांच्याच प्रश्नासाठी वापरली जाण्याला येथे फार मोठा वाव आहे.

जातीखेरीज आजारानेही माणसे कडेला ढकलली जातात. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी २००७ मध्ये एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केले, तेव्हा परिसरातून तीव्र विरोध झाला, आणि २००९ मध्ये गावातील शाळेत ही मुले बसतात म्हणून इतर पालकांनी आपली मुले पाठवण्यास नकार दिल्याची बातमी देशभर गाजली. हा विषाणू एका बाकावर बसल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा हातात हात घेऊन खेळल्याने पसरत नाही. तो असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, बाधित सुई आणि बाधित आईकडून बाळाला गर्भारपणात, प्रसूतीत किंवा स्तनपानातून संक्रमित होतो, आणि नियमित औषधोपचाराने बाधित व्यक्ती दीर्घ व सकस आयुष्य जगू शकते. ही माहिती तेव्हाही उपलब्ध होती. तरीही ती पुरली नाही, कारण १९९० च्या दशकातील प्रचाराने मृत्यूची भीती मनात आधीच बसवली होती, आणि भीतीला तर्काने दिलेले उत्तर क्वचितच पुरते.

सेवालयातील मुलांनी आणि तरुणांनी ‘हॅपी म्युझिक शो’ या नावाने गाण्यांचा आणि नृत्याचा कार्यक्रम बसवून तो ठिकठिकाणी सादर केला. या कार्यक्रमाची ताकद त्याच्या साधेपणात आहे. मंचावर आजाराचे वर्णन चालत नाही. लोकांच्या ओठांवर असलेली गाणी चालतात, ठेका धरला जातो, आणि ज्या मुलांकडे मरणाच्या दारातले म्हणून पाहिले जात होते, ती समोर घाम येईपर्यंत नाचत असतात. प्रेक्षकाच्या मनातले चित्र आणि डोळ्यांसमोरचे दृश्य यांचा मेळ बसत नाही, आणि त्या विसंगतीतच भीती ढिली पडू लागते. गर्दीत बसून टाळ्या वाजवणाऱ्या माणसाला आपण एकटेच बदलत आहोत असे वाटत नाही, हाही सामुदायिक मंचाचा एक गुण आहे. एकट्याने शेजाऱ्याच्या घरी चहा प्यायला जायला जे धैर्य लागते, ते सभागृहात सगळ्यांना वाटून मिळते.

येथे एक काळजीची बाबही आहे. एचआयव्ही व एड्सविषयीच्या २०१७ च्या कायद्याने भेदभावाला बंदी केली आणि व्यक्तीची लागण तिच्या माहितीपूर्वक संमतीशिवाय उघड करता येणार नाही, असेही ठरवले. मंचावर उभे राहणे म्हणजे ती बाब गावापुढे उघड करणे. म्हणून असा कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येकाला नाही म्हणण्याचा, मध्येच थांबण्याचा आणि उद्या केवळ गायक म्हणून ओळखले जाण्याचा हक्क असला पाहिजे. जातीच्या, लिंगभावाच्या किंवा अपंगत्वाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कलापथकांनाही हे लागू आहे. संस्थांना अहवालासाठी अश्रूंची छायाचित्रे हवी असतात, निधी देणाऱ्यांना करुण कहाण्या हव्या असतात, आणि या मागणीपुढे समूहकला पुन्हा पोतराजाच्या आसुडाकडे सरकू शकते, जेथे माणूस आपले दुःख दाखवून पसा भरून घेतो.

सध्या या परंपरेपुढचा सर्वांत निकडीचा प्रश्न अगदी व्यावहारिक आहे. जयंतीच्या मिरवणुकांत गायन पार्टीची जागा डीजेने घेतली आहे. रात्रभराच्या सामन्याला द्यायचे मानधन ध्वनियंत्रणेच्या भाड्यात जाते, आणि जे गायक पूर्वी उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत वर्षाची बेगमी करत, ते ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात. मोबाइलमुळे त्यांची गाणी दूरवर पोहोचतात हे खरे, पण सवाल-जवाबात समोरचा माणूस लागतो. नांदेड आणि लातूरच्या ग्रामपंचायतींनी गावच्या यात्रेच्या खर्चातून वस्तीतल्या पार्टीला मानाने आमंत्रण दिले, तिचा मंच मंदिरासमोरच्या मोकळ्या जागेत बांधला आणि कलावंतांना जेवणाच्या पहिल्या पंगतीत बसवले, तर त्यासाठी कोणत्याही नव्या योजनेची वाट पाहावी लागणार नाही. यात्रेची पावती फाडताना समितीने तेवढा एक ठराव करायचा आहे.